बेळगावहून दोन दिवसांत पक्षीनिरीक्षण आणि जंगलातील पायपीट दोन्ही साधायचे असेल तर कुठे जावे?

दोन्हींसाठी एकच जागा निवडायची झाल्यास मी निःसंकोचपणे खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य सुचवेन. सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या या दाट जंगलाला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथील बारापेडी गुहांत राहणारे रॉटनचे वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी आढळते, त्यामुळे गुहांकडे जाण्याचा आग्रह कृपया धरू नये.

पहाटेच निघावे. पिकलेल्या फळांनी लगडलेला वड किंवा उंबर दिसला की त्याखाली अर्धा तास शांत उभे राहावे. अशा झाडांवर फळे खायला येणारा मोठ्या चोचीचा धनेश पक्षी दिसण्याआधी त्याच्या पंखांचा जड, फुसफुसणारा आवाज ऐकू येतो. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला एकेक फळ भरवतो, म्हणून अशी ढोली आढळल्यास दुरूनच दुर्बिणीने पाहावी आणि लगेच मागे फिरावे.

आत पायी फिरण्यासाठी वनखात्याची परवानगी आणि सोबत स्थानिक वाटाड्या हवाच, कारण या रानात अस्वले व गवे आहेत. पावसाळ्यात जळवा फार असतात; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

दुसरा दिवस गोकाक तालुक्यातील धूपदाळ बंधाऱ्याजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्याला द्यावा. तेथे चढण नाही, परंतु हिवाळ्यात कांड्या करकोच्यांचे थवे उतरतात.