गुप्तचरांचे कागद घरबसल्या

प्रश्न : लघुप्रबंधासाठी १९७१ च्या युद्धाबद्दलची अमेरिकी गुप्त कागदपत्रं ऑनलाइन मिळतील का?

उत्तर : मिळतील, आणि वाचाच! सीआयएनं २०१७ मध्ये सव्वा कोटीच्या आसपास पानं संकेतस्थळावर खुली केली; आधी त्यासाठी मेरीलँडमधल्या अभिलेखागारात जावं लागे. पण त्या ढिगात नवखा माणूस हरवतो. मी विद्यार्थ्यांना आधी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ‘नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह’कडे पाठवते. नाव सरकारी वाटलं तरी ही स्वतंत्र संस्था आहे. ढाक्याच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातून तिथले प्रमुख आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला पाठवलेली, स्वतःच्याच सरकारचा निषेध करणारी तार तिथे मूळ रूपात आहे. ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. गुप्ततेसाठी काळ्या केलेल्या ओळींचीही नोंद ठेवा.

आपल्या रॉ या गुप्तचर संस्थेच्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा उपयोग जवळपास नाही. अशा संस्थांना कायद्यातून वगळणारं कलम २४ आडवं येतं.