शेतकरी बाजारात वायनरीला बाटल्या विकू द्याव्यात का? मुंबईत हे जमेल का?

तुमचा प्रश्न असा आहे की रविवारच्या शेतकरी बाजारात नाशिकची द्राक्षं चालतात, मनुके चालतात, मग द्राक्षांची वाइन का नाही? आज चालत नाही. माझ्या मते चालायला हवी, पण नीट बांधून.

दारूबंदीचा आपला कायदा 1949 चा आणि त्याच्या लेखी वाइन ही दारूच. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं 2022 साली सुपरमार्केटमधल्या वाइनच्या वादात म्हणणाऱ्यांनी आपल्याच बाजूचं नुकसान केलं. 12-13 टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाबद्दल असं बोललं की समोरचा पुढचं ऐकतच नाही. (गोंधळ तसा भाषेतच आहे म्हणा. ‘वाइन शॉप’ पाटीच्या दुकानात व्हिस्की-रमच्याच बाटल्या जास्त दिसतात.)

खरी अडचण वेगळीच आहे. किरकोळ विक्रीचा परवाना कुणाच्याही नावावर असो, तो ठरलेल्या पत्त्यापुरताच असतो. तिथून हलून तीच सीलबंद बाटली मैदानात विकली की कलम 65 खाली गुन्हा. बाजाराचा स्टॉल चार-पाच तासांचा, पुढच्या आठवड्यात कदाचित दुसऱ्याच मैदानात. त्याला बसेल असा परवानाच नाही. महोत्सवांसाठी एका दिवसाचा तात्पुरता परवाना मिळतो, पण त्याचा रोख जागेवर पिण्यावर. इथे हवं नेमकं उलट, म्हणजे बाटली घरी न्यायची.

27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळानं 100 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मान्यता दिली होती. 2.25 घनमीटरचं कुलूपबंद कपाट, वर्षाला 5,000 रुपये शुल्क. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, पुढे सरकार बदललं, विषय मागे पडला. तो निर्णय अमलात आला असता तरी लहान वायनरीच्या हाती फारसं लागलं नसतं. अशा कपाटात जागा मिळते ती नाव असलेल्यांना आणि वितरकाला जास्त कमिशन सोडणाऱ्यांना. अनोळखी लेबलची शेनिन ब्लांक (एक पांढरी वाइन) कुणीतरी समोर उभं राहून समजावल्याशिवाय खपत नाही. शेतकरी बाजार त्याचसाठी बरा.

कॅलिफोर्नियात अशा बाजारांसाठी वेगळा परवाना आहे. उत्पादकाच्या स्वतःच्या द्राक्षांची वाइनच विकता येते. 2014 पासून चव द्यायलाही मुभा आहे, पण माणशी दिवसाला 3 औंस, म्हणजे साधारण 90 मिली, आणि ती जागा दोरी किंवा कुंपणानं वेगळी केलेली हवी. आपण यातली ‘स्वतःची द्राक्षं’ ही अट जशीच्या तशी उचलावी. नाहीतर महिनाभरात दलालांचे स्टॉल लागतील. चव देणं मात्र पहिली दोन वर्षं नकोच. एका 750 मिली बाटलीत 30 मिलीचे 25 घोट निघतात, म्हणजे विकायच्या आधीच बाटल्या रिकाम्या व्हायला लागतात. शिवाय भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांत ग्लास फिरू लागले की पहिली तक्रार शेजारच्या सोसायटीतून येणार, आणि ती बाजारच बंद पाडेल.

नियमात सगळ्यात आधी लिहायला हवं ते उरलेल्या मालाबद्दल. 60 बाटल्या नेल्या, 38 खपल्या, तर 22 परत नाशिकला कोणत्या कागदावर जाणार? वाहतूक पास जाताना एका दिशेचाच काढला असेल तर परतीचा टेम्पो बेकायदा ठरू शकतो. तेव्हा एकच पास जा-ये दोन्हीसाठी हवा, त्यावर बॅच क्रमांक आणि संध्याकाळपर्यंत शिल्लक नोंद. शिवाय विकत घेणाऱ्याचं वय 21 पूर्ण असल्याचं ओळखपत्र, ड्राय डेला स्टॉल बंद, शाळेच्या किंवा देवळाच्या आवारातल्या बाजाराला परवानगी नाही. मुंबईत ही शेवटची अटच बरेच बाजार गाळून टाकेल.

आणि उकाडा. याचा विचार फार कमी लोक करतात. वाइन 30 अंशांच्या वर तासन् तास राहिली की आतला द्रव प्रसरण पावतो आणि बूच वर सरकतं. बाटलीच्या तोंडावरच्या वेष्टनावर अंगठा फिरवा. उंचवटा लागला किंवा मानेशी चिकट ओघळ दिसला तर ती बाटली विकू नका, कारण हवा आत गेलेली असते. पांढरी वाइन अशी तापली की चव शिजवलेल्या सफरचंदासारखी लागते आणि गिऱ्हाईक दोष वायनरीला देतं. टेम्पो रात्रीच निघालेला बरा, म्हणजे कसारा घाट उजाडायच्या आत उतरतो. खोके डांबरावर नव्हे, लाकडी फळ्यांवर, वर ओली गोणपाटं. 12 बाटल्यांचं खोकं 15 किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे एकावर एक तीनच. थंड बाटली मागणाऱ्यांसाठी बादलीत नुसता बर्फ भरू नका, अर्धा बर्फ, अर्धं पाणी घाला. नुसत्या बर्फाचे खडे काचेला इथे-तिथेच टेकतात, पाणी सगळीकडून भिडतं. वीस-पंचवीस मिनिटांत बाटली प्यायजोगी गार होते. फक्त पाण्यात कागदी लेबल सुटतं आणि लेबल गेलं की बॅच क्रमांक गेला, म्हणून बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

असा परवाना येईपर्यंत वायनरीच्या शेतकऱ्यानं बाजारात बसायचं तर द्राक्षाचा रस, मनुके, व्हिनेगर विकावं. स्टॉलच्या फलकावर वाइनचं नाव मोठ्या अक्षरांत लिहू नये, कारण मद्याच्या जाहिरातीलाही याच कायद्यात बंदी आहे, कलम 24.