मनात आलं आणि तसंच झालं

“मॅडम, माझ्या मनात वाईट आलं की ते घडतंच.” हे मी महिन्यातून दोनदा तरी ऐकते. या वेळी सांगत होत्या मुलुंडच्या एक काकू (तपशील बदललेत), माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत, पर्सची चेन उघड-बंद करत. मुलगा सव्वाआठची फास्ट पकडायला निघाला की यांच्या पोटात गोळा. दिरांच्या अपघाताच्या सकाळी तसाच आला होता, सासरे गेले तेव्हाही. आता मुलाला काही झालं तर ते आपल्या मनात आल्यामुळेच, इथवर मजल गेलेली.

‘असं काही नसतं’ हे सांगून घरचे थकले होते. मी ते म्हटलं नाही. दोन्ही घटना खऱ्याच होत्या. घोळ मोजणीत होता.

कागदावर चार घरं आखली. धास्ती वाटली नि घडलं, वाटली, पण घडलं नाही, वाटली नाही, तरी घडलं, दोन्ही नाही. पहिल्या घरात काकूंनी झटकन दोन रेघा मारल्या. दुसऱ्यापाशी पेन थांबलं.

“गोळा कधी कधी येतो?”

“रोजच की.”

वीस वर्षं धरली तरी ७,००० वर सकाळी. वाईट दिवशी गोळा आला खरा, पण चांगल्या दिवशीही तो येतोच, मग त्यावरून दिवस कसा जाणार हे कळणार कसं? शक्यतांचं गणित मांडणाऱ्या थॉमस बेजच्या १७६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या निबंधापासून वाढत आलेला हिशेब हाच. तिसऱ्या घरात त्यांनी आपणहून लिहिलं, ‘ह्यांचा हार्ट अ‍ॅटॅक’. त्या दुपारी त्या निवांत मटार सोलत होत्या.

मग मी रोमन लेखक सिसरोने सांगितलेला किस्सा ऐकवला. वादळातून वाचलेल्यांनी नवस फेडून लावलेल्या तसबिरी दाखवत मित्राने डायागोरस या ग्रीक नास्तिकाला विचारलं, देवाला माणसांची काळजी असते, हे आता तरी पटतं? तो म्हणाला, बुडालेल्यांच्या तसबिरी कुठे आहेत? सिद्धिविनायकाचा मंगळवार न चुकवणाऱ्या काकूंचा चेहरा उतरला. चूक माझी. मला मोजणीबद्दल बोलायचं होतं, नास्तिकाला मध्ये आणायची काही गरज नव्हती.

तीन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. दुसऱ्या घरात २० रेघा, एक खोडलेली. त्या दिवशी कुर्ल्याला पाणी साचून गाडी दीड तास अडकली होती.

“ही कुठे टाकू?”

“मुलगा घरी आला ना?”

“आला. भिजून, भजी मागत.”

त्यांनी रेघ दुसऱ्याच घरात मारली. पण अगदी कडेला.