हवेतून येणारं इंटरनेट : सही करण्याआधी गच्चीवर चढा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. रस्त्याच्या खोदकामात यंदा तीनदा फायबर तुटली. आता एक कंपनी छतावर डिश लावून नेट देते म्हणते. हे डोंगलसारखंच ना?

नाही. डोंगल जिथे ठेवाल तिथे मिळेल तो सिग्नल पकडतो. इथे तुमच्या छतावरचा रेडिओ (सिग्नल पाठवणारं-घेणारं यंत्र) आणि कंपनीच्या टॉवरवरचा रेडिओ एकमेकांकडे तोंड करून पक्के बसवलेले असतात. टॉवरपर्यंत नेट बहुधा फायबरनेच येतं, तिथून तुमच्यापर्यंतचे दोन-चार किलोमीटर हवेतून. या शेवटच्या टप्प्यात जेसीबीला तोडायला काही नसतं.

पण टॉवर दिसला पाहिजे. मध्ये पांडवलेणीचा डोंगर आला, तर विषय संपला. आणि नुसता दिसूनही भागत नाही. लहरी दोरीसारख्या सरळ जात नाहीत, मध्यावर फुगतात. ५ किलोमीटरच्या लिंकला (दोन रेडिओंमधल्या जोडणीला) ५.८ गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर मधोमध हा फुगवटा सरळ रेषेच्या चारही बाजूंना सुमारे ८ मीटर असतो. त्यातला निदान ५ मीटर मोकळा हवा. कडुनिंबाचा शेंडा किंवा शेजाऱ्याचा वाढलेला मजला त्यात घुसला, की वेग ढासळतो. म्हणून सर्व्हेवाला आला की त्याच्याबरोबर वर चढा आणि शेजारच्या प्लॉटवर बांधकाम येणार आहे का, तेही सांगा.

जुनी फायबर मात्र बंद करू नका, बॅकअपला राहू द्या. फक्त टॉवरची फायबर त्याच रस्त्याने येत नाही ना, हे विचारून घ्या. नाहीतर एकाच खड्ड्यात दोन्ही जातील.

दिंडोरीजवळ आमचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. पावसात हे नेट बंद पडतं असं ऐकलं. खरं आहे का?

निम्मं खरं. पाऊस जाणवतो तो साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर, ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओंना तर खूपच. ५ गिगाहर्ट्झच्या लिंकला मुसळधार सरीनेही फारसा फरक पडत नाही. तरी तक्रारी जुलैतच येतात, कारण उन्हाळ्यात निष्पर्ण असताना पाहिलेली झाडं तोवर पानांनी भरतात, आणि ओलं पान सिग्नल शोषतं.

दुसरं कारण अगदी क्षुल्लक. अशाच एका पॅकहाउसवर पावसाला दोष देऊन दोन वेळा रेडिओ बदलला होता. मी केबलचं टोक उघडलं, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. पाणी केबलवरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये उतरत होतं. रेडिओखाली केबलला एक झोळ दिला, की पाणी तिथूनच खाली टपकतं. एवढंच करायला हवं होतं.

सातपूरला आमचं ऑफिस आहे. एक जण १०० एमबीपीएस स्वस्तात देतो, दुसरा २० एमबीपीएसचे कितीतरी जास्त मागतो. हा काय हिशेब?

पहिला वेग वाटून मिळणारा आहे. एका टॉवरवर अनेक ग्राहक, त्यामुळे सकाळी ११ वाजता सगळे बसले की तुमचा वाटा घटतो. ५जीच्या एअरफायबरचंही (मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या नेटचंही) तसंच, तिथे तर मोबाइलवालेही त्याच टॉवरवर असतात. दुसरा वेग फक्त तुमचा, अपलोड-डाउनलोड सारखा. ईमेल आणि जीएसटी रिटर्नपुरतं काम असेल, तर महागाचं घेऊ नका. ऑफिसात सर्व्हर असेल, कॅमेरे बाहेरून पाहायचे असतील, तर घ्या आणि स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता मागा.

नेट किती वेळ चालू राहील, याची करारातली टक्केवारीही नीट वाचा. ९९.५ टक्के ऐकायला छान वाटतं, पण ३० दिवसांच्या महिन्यात ३.६ तास बंद राहिलं तरी करार मोडत नाही. ९९.९ असेल तर तेच ४३ मिनिटं. त्याहून जास्त बंद राहिलं तर बिलात किती वजावट, हे लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर सही करू नका.

लाइट गेली तर?

रेडिओला वीज फार लागत नाही, छोटा यूपीएस पुरतो. राउटरही त्यावरच घ्या. आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाची अर्थिंग वायर खरंच जमिनीत गेली आहे का, ते स्वतः पाहा. ती पत्र्याच्या खिळ्याला गुंडाळून सोडलेली मी पाहिली आहे.