इअरबड्स : खोक्यावरचे आकडे आणि रोजचा वापर

१,००० ते २,५०० रुपयांच्या ट्रू वायरलेस इअरबड्सबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. या किमतीत चांगला माल नक्की मिळतो. मात्र खोक्यावर ठळक छापलेली गोष्ट आणि रोज उपयोगी पडणारी गोष्ट क्वचितच एक असते.

प्रश्न : रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने जातो. एका इअरबड्सवर '३२ डेसिबलपर्यंत एएनसी' लिहिलंय, दुसऱ्यावर '५० डेसिबलपर्यंत'. किमतीत सहाशे रुपयांचा फरक आहे. जास्तीचे पैसे घालावेत का?

उत्तर : नुसत्या त्या आकड्यासाठी घालू नका. एएनसी म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय. 'पर्यंत' हा त्यातला खरा शब्द. ५० डेसिबल ही घट आवाजाच्या एखाद्या अरुंद पट्ट्यात, सर्वांत चांगल्या स्थितीत मिळालेली असते. सगळा गोंगाट तेवढा कमी होत नाही.

एएनसीचं काम असं चालतं : बाहेरचा माइक गोंगाट टिपतो, आतली चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. १०० हर्ट्झच्या घरघरीची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, त्यामुळे वेळेत किंचित चूक झाली तरी चालून जातं. २,००० हर्ट्झची लहर जेमतेम १७ सेंटिमीटरची. तिथे थोडी चूक झाली तरी आवाज मरत नाही, कधीकधी वाढतो. म्हणून गाडीची घरघर, पंखा, एसी, बसचं इंजिन दबतं. हॉर्न, अनाउन्समेंट आणि शेजारच्यांच्या गप्पा ऐकू येत राहतात. लोकलच्या दारात उभे असाल तर वारा थेट माइकवर आदळतो आणि फडफड ऐकू येते. अशा वेळी एएनसी बंद केलेलं बरं.

उंच पट्टीचे आवाज अडवायचं काम मुळात रबरी टिपचं आहे. ती कानात नीट बसली नाही तर खालच्या पट्टीचे आवाजही आत शिरतात आणि महागडी एएनसी निकामी ठरते. त्यामुळे खोक्यातल्या तिन्ही मापांच्या टिप्स घरीच लावून बघा. पंखा पूर्ण वेगाने लावा, एएनसी बंद ठेवा, तोंडपाठ असलेलं एखादं गाणं निम्म्या आवाजात लावा आणि बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर तबल्याचा डग्गा एकदम भरदार झाला तर टिप लहान पडतेय, मोठी लावा. दाबूनही फारसा फरक पडला नाही तर बैठक बरोबर आहे. मग जबडा हलवा, जांभई द्या. तरी सुटता कामा नये. दोन कानांना दोन वेगळी मापं लागणं अगदी नेहमीचं आहे. अर्ध्या तासात कान दुखू लागला तर त्या बडचा आकारच तुमच्या कानाचा नाही, तो परत करा. म्हणूनच परत करण्याची मुदत असलेल्या दुकानातून घ्या आणि त्या मुदतीत एक पूर्ण प्रवास करून बघा.

गर्दीत आवाज तुटत असेल तर फोन कुठल्या खिशात आहे ते पाहा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी हे तरंग शोषून घेतं. मागच्या खिशातला फोन पुढच्या खिशात घेतला की बऱ्याचदा काम होतं. रूळ किंवा रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही बड्स काढूनच ठेवा.

प्रश्न : पुण्यात घरून काम करते. लॅपटॉपवर गाणी छान वाजतात, पण टीम्सची मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. बड्स खराब आहेत का?

उत्तर : बड्स ठीक आहेत. गाणी ऐकताना ब्लूटूथ एकाच दिशेने स्टिरिओ आवाज पाठवतं. बडचा माइक चालू झाला की तो मार्ग सोडून कॉलचा मार्ग धरावा लागतो. त्यात आवाज मोनो होतो आणि सेकंदाला फक्त ८ किंवा १६ हजार नमुन्यांवर येतो, म्हणजे बारकावे गळतात. महाग बड्समध्येही पारंपरिक ब्लूटूथवर हेच घडतं.

उपाय सोपा आहे. टीम्सच्या डिव्हाइस सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून बड्स निवडा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक. आवाज लगेच पूर्ववत होतो. जुन्या विंडोजमध्ये एकाच बड्सची दोन नावं दिसतात, 'स्टिरिओ' आणि 'हँड्स-फ्री'. त्यातलं स्टिरिओ निवडा. घरात गोंगाट असेल आणि बडचाच माइक हवा असेल, तर कॉलपुरता चपटा आवाज स्वीकारावा लागेल.

नवे बड्स घेताना 'ईएनसी' आणि 'एएनसी' यांत गल्लत करू नका. ईएनसी तुमच्या माइकसाठी असते, म्हणजे तिचा फायदा पलीकडच्या माणसाला. तुमच्या कानाला शांतता देते ती एएनसी. फक्त ईएनसी असलेला माल 'नॉइज कॅन्सलेशन' म्हणून सर्रास विकला जातो. ज्यांचं काम मुख्यतः कॉलचं आहे त्यांनी दांडीवाले बड्स घ्यावेत, कारण माइक तोंडाच्या जवळ येतो. पंख्याखाली आणि रस्त्यावर उभं राहून एकेक मिनिट बोला, पलीकडे रेकॉर्ड करायला सांगा आणि ते स्वतः ऐका. शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जात असतील तर तो माइक कामाचा नाही.

प्रश्न : खोक्यावर '४२ तास' होतं. पहिल्या महिन्यातही इतके मिळाले नाहीत आणि आता वर्षाने एका चार्जवर तीन तासही जात नाहीत. हे फसवणुकीत येतं का?

उत्तर : गणित मांडून पाहू. समजा प्रत्येक बडची बॅटरी ४० एमएएच, म्हणजे दोन्ही मिळून ८०, आणि केसची, म्हणजे बड्स ठेवून चार्ज करायच्या डबीची, ४००. कागदावर केस पाच वेळा बड्स भरते. एका चार्जवर ७ तास धरले तर पहिले ७ आणि पुढचे ३५ मिळून ४२. पण केसमधून बडमध्ये वीज जाताना व्होल्टेज चढवून पुन्हा उतरवावा लागतो, काही भाग उष्णतेत जातो आणि प्रत्यक्षात साडेतीन-चार वेळाच भरणी होते. शिवाय ते ७ तास निम्म्या आवाजावर, एएनसी बंद ठेवून मोजलेले असतात. एएनसी लावून, जरा मोठ्याने ऐकलं तर ५ धरा. एकूण २२ ते २५ तास. खरेदी करताना एकूण तासांकडे पाहू नका, एका चार्जवर एएनसीसह किती तास ते बघा.

वर्षाने झालेली घट हा मात्र बॅटरीचा स्वभाव आहे. इतक्या छोट्या लिथियम बॅटऱ्या साधारण ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर (एक फेरी म्हणजे पूर्ण भरून रिकामी होणं) लक्षात येण्याइतक्या थकतात. रोज आठ-नऊ तास वापर असेल तर दिवसाला जवळजवळ दोन फेऱ्या होतात आणि ५०० चा आकडा वर्षाच्या आतच गाठला जातो. कॉलसाठी एका वेळी एकच बड घाला आणि आलटून पालटून वापरा. दोन्हींचं आयुष्य वाढतं. केस उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने बॅटरी सर्वांत लवकर मरते. महिनोन् महिने वापरायचे नसतील तर केस निम्मी भरून ठेवा आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा भरा. पूर्ण रिकामी पडून राहिलेली बॅटरी अनेकदा परत उठतच नाही.

प्रश्न : रत्नागिरीत राहतो. आयपीएक्स५ बड्स पावसात घालून चालतील ना?

उत्तर : बड्स भिजले तर चालेल, केस भिजली तर नाही. आयपीएक्स५ हा पाण्यापासून बचावाचा दर्जा आहे. त्याच्या चाचणीत ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत किमान तीन मिनिटं मारतात. पाऊस त्यात निभतो. पण ही चाचणी नव्या मालावर, गोड्या पाण्याने होते. घामातल्या क्षारांचा आणि समुद्राच्या पाण्याचा त्यात हिशेब नाही. 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणी झालेली नाही. आणि हा दर्जा बहुधा फक्त बड्सचा असतो, केसचा नाही.

खरं नुकसान पाऊस थांबल्यावर होतं. ओले बड्स केसमध्ये टाकले की चार्जिंगच्या पिनांवर पाणी आणि वीज एकत्र येतात आणि पिना गंजू लागतात. हिरवट थर दिसला तर कारण हेच. बड्स आधी फडक्याने पुसा, टिप्स काढून आतला भाग टिपा, अर्धा तास पंख्याखाली ठेवा आणि मगच केसमध्ये घाला. व्यायामानंतर आधी किंचित ओलसर फडक्याने घाम पुसा, नंतर कोरड्याने. कोकणातल्या पावसाळ्यात केस सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवण्याची सवय लावून घ्या.

प्रश्न : उजव्या बडचा आवाज डाव्याच्या निम्मा झालाय, कधीकधी तो चार्जही होत नाही. दुरुस्ती होईल का?

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही बहुतेक वेळा घरीच सुटतात.

आवाज कमी होण्याचं पहिलं कारण जाळीत अडकलेला कानाचा मळ. त्याआधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमधला डाव्या-उजव्याचा बॅलन्स मध्यावर आहे ना ते पाहा. चुकून सरकलेला असतो. मग टिप काढा, बडची जाळी जमिनीकडे करून धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हळू झाडा, म्हणजे मळ खाली पडेल. तरी राहिला तर पोस्टर चिकटवायची पुटी जाळीवर दाबून झटकन उचला, दोन-तीनदा. सुई किंवा टाचणी कधीच घालू नका, जाळी फाटली की मळ थेट आतल्या स्पीकरच्या पडद्यावर जातो. सॅनिटायझर ओतणं, तोंडाने फुंकणं हेही टाळा. जाळीजवळचं बारीक छिद्र मात्र मोकळं हवं, ते बुजलं की बेस बिघडतो.

चार्जिंगसाठी बडवरचे ठिपके आणि केसमधल्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. केसमधल्या पिना स्प्रिंगवर असतात. काडीने दाबून त्या वर येतात ना पाहा. नवेच बड्स चार्ज होत नसतील तर ठिपक्यांवरची पारदर्शक पट्टी काढायची राहिलेली असते.

मग फोनमधून जोडणी 'फॉरगेट' करा, दोन्ही बड्स केसमध्ये ठेवून माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे रीसेट करा आणि पुन्हा जोडा. तरीही उजव्याचा दिवा लागत नसेल तर बॅटरी गेली. वॉरंटी असेल तर बिलासह सेवा केंद्रात द्या. नसेल तर या किमतीत चिकटवलेलं कवच उघडून बॅटरी बदलणं परवडत नाही.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे, क्लाससाठी बड्स मागतोय. किती आवाज सुरक्षित?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल अशी मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्म्याने घटते, म्हणजे मुलांसाठी ७८ ला २० तास, ८१ ला १०. स्वस्त बड्सचा नेमका आवाज फोन सांगू शकत नाही, म्हणून फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या खालीच राहू द्या आणि तासाभराने बड्स काढायला लावा. आयफोनवर मोठ्या आवाजाची मर्यादा स्क्रीन टाइमच्या पासकोडने कुलूपबंद करता येते. हातभर अंतरावरून तुम्ही नेहमीच्या आवाजात बोललात आणि त्याला ऐकू आलं नाही, तर आवाज जास्त आहे. कानात शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येते म्हणाला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, वाट पाहू नका. आणि घरात शांतता असेल तर क्लाससाठी छोटा स्पीकर सर्वांत चांगला.

प्रश्न : आयफोनसाठी एलडॅकवाले बड्स घ्यावेत का?

उत्तर : नको. एलडॅक हा कोडेक आहे, म्हणजे आवाज आकुंचित करून ब्लूटूथवर पाठवायची एक पद्धत. आयफोन ब्लूटूथवर एसबीसी आणि एएसी एवढेच कोडेक वापरतो, एलडॅक तिथे चालूच होणार नाही. अँड्रॉइडवर तो ९९० केबीपीएसपर्यंत जातो, पण स्टेशनच्या गर्दीत तेवढा वेग टिकत नाही. दोन हजारांत कोडेकपेक्षा आवाजाची जडणघडण महत्त्वाची. बहुतेक स्वस्त बड्समध्ये बेस इतका चढवलेला असतो की नाट्यगीतातला गायकाचा स्वर मागे पडतो. इक्वलायझरमध्ये ६० ते २५० हर्ट्झचा पट्टा ३-४ डेसिबल खाली आणा, शब्द उघडतात.

प्रश्न : बाजारात ७०० रुपयांत नामांकित कंपनीसारखेच दिसणारे बड्स मिळतात. घ्यायला हरकत आहे?

उत्तर : आहे. लिथियम बॅटरी कानाशी असते, तिथे अनामिक माल नको. खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक शोधा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की उत्पादकाचं नाव येतं; ते खोक्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांकही छापलेला हवा. पक्कं बिल घ्या. विक्रेता वॉरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

प्रश्न : नवी केस फोनच्या टाइप-सी चार्जरवर चार्जच होत नाही. बदलून घेऊ?

उत्तर : आधी वायर बदलून बघा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली वायर लावली की चार्जर समोरच्या उपकरणातल्या दोन छोट्या रेझिस्टरवरून ओळख पटल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि काही स्वस्त केसमध्ये ते रेझिस्टर बसवलेलेच नसतात. एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली वायर आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावा. त्यावर दिवा लागला तर केसची बॅटरी ठीक आहे. परत करायची मुदत असेल तर तरीही बदलून मागा, नाहीतर ती एक वायर कायम सोबत बाळगावी लागेल.