ग्रीक तत्त्वज्ञानात पीएचडी सुरू करतोयस ना?

आधी लिपी शीक. चोवीस अक्षरं आहेत, कुर्ला ते कलिना बसच्या रांगेत आठवड्यात होतात. इंग्रजी भाषांतरावर भागेल असं वाटतं खरं, पण ‘आरेते’ला (आपलं काम उत्तम करण्याचा गुण) ‘सद्गुण’ म्हटलंस की फसलास. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात डोळ्यांचीही आरेते आहे, आता डोळे सद्गुणी कसे?

संदर्भ देताना प्लेटोसाठी १५७८च्या स्टेफानुस आवृत्तीचे पानांचे आकडे, अ‍ॅरिस्टॉटलसाठी बेकरच्या आवृत्तीचे. मी आख्खं प्रकरण पेपरबॅकच्या पानांवर लिहिलं होतं. बदलताना दोन रात्री गेल्या.

एफवायला शिकवताना प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद घे. फळ्यावर दोन फुटी चौरस काढ, विचार, क्षेत्रफळ दुप्पट हवं तर बाजू किती? ‘चार!’ कुणीतरी ओरडतंच. संवादातला गुलाम मुलगाही तेच म्हणतो. पण त्याचे होतात सोळा चौरस फूट, हवेत आठ. मग ‘तीन’, म्हणजे नऊ. मग वर्ग गप्प. तिथे उत्तर देऊन टाकू नकोस (मला अजून मोह होतो). पंखा घरघरू दे, मागच्या बाकावरचं कुणी कर्ण काढायला उठेल, दुप्पट चौरस त्याच्यावरच उभा राहतो. नाहीच उठलं तर सॉक्रेटिससारखं तूच काढ, पण उशिरा.

आणि तासिका तत्त्वावर शिकवणार असशील तर प्रत्येक तास तारखेसकट वहीत लिही. माझं मानधन सहा महिने अडकलं होतं, वहीमुळेच सुटलं.