पोराला बास्केटबॉलसाठी बाहेर पाठवू का?

प्रश्न: माझा मुलगा 14 वर्षांचा, उंची आत्ताच सहा फूट. घरात सगळे तालमीतले, सासरे म्हणतात कुस्ती कर, पण हा पहाटे उठून एकटाच रिंगमध्ये बॉल टाकत बसतो. म्हणतो परदेशात खेळणार. काय करू?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर: ताई, आधी त्याला ओरडू नका. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2010 मध्ये अमेरिकेला गेला तेव्हा तो पण 14 चाच होता, इंग्रजी येत नव्हतं, घर शेतकऱ्याचं, आणि 2015 ला एनबीए या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघानी 52 व्या नंबरवर त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतलं, भारतात जन्मलेला असा पहिलाच. पण पुढचं पण ऐका, सात फूट दोन इंच उंची असून एनबीएची एक पण मॅच त्याला मिळाली नाही, खालच्या लीगमध्येच खेळला. म्हणजे नुसत्या उंचीवर भागत नाही ओ, पायांची चपळाई आणि शूटिंग लागतंच.

आणि परदेश म्हणजे फक्त अमेरिका नव्हे. अमज्योत सिंग आधी जपानमध्ये खेळला, मग 2017 ला अमेरिकेतल्या त्याच खालच्या लीगच्या ओक्लाहोमा सिटी ब्लू संघात गेला. पोरींनाही सांगा, गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात खेळून आली.

आत्ता लगेच एजंटला पैसे देऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. आधी जिल्हा, मग राज्य संघ, शाळा सोडायची नाही. आणि सासऱ्यांना एकदा पहाटे ग्राउंडवर न्या, त्याचा घाम बघू देत.